सदैव कर्तव्यावर : पोलीस शिपायाचे मानसिक आरोग्य आणि पोलीस व्यवस्थेचा इतिहास (१८६१ ते २०२४)

प्रस्तावना

पोलीस हा राज्यसंस्थेचा समाजाला रोज दिसणारा चेहरा होय. सामान्य माणसाला मंत्रालय क्वचित दिसते, न्यायालय त्याहून क्वचित. परंतु चौकातील शिपाई त्याला दररोज दिसतो. या शिपायाविषयी मराठीत लेखन पुष्कळ झाले आहे. त्याची लाचखोरी, त्याचे शौर्य, त्याचा दरारा आणि त्याची उर्मट भाषा हे सर्व वृत्तपत्रांतून, चित्रपटांतून आणि आत्मचरित्रांतून आले आहे. त्याच्या मनाची स्थिती हा विषय मात्र अलीकडच्या काळापर्यंत अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिला.

गेल्या काही वर्षांत हे चित्र पालटू लागले आहे. पोलीस मुख्यालयांत ताणतणाव व्यवस्थापनाची शिबिरे भरतात आणि त्यासाठी जवळच्या महाविद्यालयातील मानसशास्त्र विभागास पाचारण केले जाते. एखादे प्राध्यापक दीड तास व्याख्यान देतात, श्वसनाचे दोन प्रकार करून घेतले जातात, आभारप्रदर्शन होते आणि सभागृहातील शिपाई पुन्हा बंदोबस्ताला जातात. या व्याख्यानांचा हेतू चांगला असतो. तथापि ज्या ताणाचे व्यवस्थापन करावयाचे तो ताण कोठून आला, हा प्रश्न तेथे बहुधा विचारला जात नाही. तो प्रश्न मानसशास्त्राइतकाच इतिहासाचाही आहे. म्हणून प्रस्तुत निबंधात तो इतिहासाच्या अंगाने विचारला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची तीन उद्दिष्टे आहेत. पहिले, पोलीस शिपायाच्या सेवाशर्तींची घडण वसाहतकालीन कायद्यांतून कशी झाली हे पाहणे. दुसरे, त्याच्या मानसिक त्रासाकडे प्रशासनाने निरनिराळ्या काळात कोणत्या दृष्टीने पाहिले याचा मागोवा घेणे. तिसरे, समुपदेशनाच्या आजच्या उपक्रमांचे मूल्यमापन या ऐतिहासिक पार्श्वभूमीवर करणे. त्यासाठी कायदे, आयोगांचे अहवाल आणि प्रसिद्ध पाहण्या यांचा आधार घेऊन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासाचे क्षेत्र मुख्यतः महाराष्ट्र असून तुलनेसाठी आवश्यक तेथे इंग्लंड व अमेरिका यांचा उल्लेख केला आहे.

१. जागल्यापासून शिपायापर्यंत

ब्रिटिशपूर्व महाराष्ट्रात गावाच्या रक्षणाची जबाबदारी पाटील, जागल्या, रामोशी व महार यांच्यावर होती. ही व्यवस्था न्याय्य होती असे म्हणता येणार नाही. जातीच्या उतरंडीवरच ती उभी होती. परंतु तिचा एक विशेष नोंदविण्याजोगा आहे. राखण करणारा माणूस ज्यांची राखण करी त्यांच्यातच राहत असे. त्याचे घर, त्याचे वतन आणि त्याचे काम एकाच शिवारात होते.

आधुनिक पोलीस दलाने हा संबंध तोडला. १८४३ नंतर सिंधमध्ये चार्ल्स नेपियर यांनी आयर्लंडच्या दलाच्या धर्तीवर पोलीस व्यवस्था उभारली. लोकांमध्ये मिसळलेला नव्हे, तर लोकांपासून अलग राहून शासनाचा हुकूम बजावणारा शिपाई हा त्या व्यवस्थेचा कणा होता. पुढे मुंबई इलाख्यातही हाच नमुना स्वीकारला गेला. १८५७ च्या उठावानंतर १८६० मध्ये पोलीस आयोग नेमण्यात आला आणि त्यातून १८६१ चा पाचवा अधिनियम, म्हणजेच पोलीस कायदा, अस्तित्वात आला. आजच्या पूर्व विदर्भाचा समावेश असलेल्या मध्य प्रांतात तो लागू झाला. मुंबई इलाख्यासाठी १८६७ आणि १८९० मध्ये जिल्हा पोलीस कायदे व १९०२ मध्ये मुंबई शहर पोलीस कायदा स्वतंत्रपणे करण्यात आले. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मुंबई पोलीस कायद्याने या तरतुदी एकत्र केल्या. आज तोच कायदा महाराष्ट्र पोलीस कायदा या नावाने ओळखला जातो.

१८६१ च्या कायद्यातील तीन तरतुदी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. कलम २२ अन्वये प्रत्येक पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले गेले. कलम ७ अन्वये कसूर करणाऱ्यास पंधरा दिवसांपर्यंत निवासस्थानात डांबून ठेवणे, शिक्षेची कवायत व जादा पहारा देणे अशा शिक्षा ठरल्या. कलम २९ अन्वये परवानगीवाचून कामावरून निघून गेल्यास तीन महिन्यांपर्यंतच्या पगाराइतका दंड किंवा तीन महिन्यांपर्यंतचा कारावास सांगितला गेला. सदैव कर्तव्यावर असण्याचे तत्त्व १९५१ च्या कायद्याच्या कलम २८ मध्येही जसेच्या तसे आले.

या तत्त्वाचा मूळ हेतू समजण्यासारखा आहे. संकट वेळ पाहून येत नाही. तेव्हा पोलिसाने वेळ संपल्याचे कारण सांगू नये, हा तो हेतू. प्रत्यक्षात मात्र या तत्त्वाचा अर्थ असा झाला की, कामाच्या वेळेला कायद्याने कोणतीही मर्यादा उरली नाही. कारखान्यातील कामगारासाठी १८८१ पासून कारखाना कायदे होत गेले, कामाचे तास मर्यादित झाले, साप्ताहिक सुट्टी आली. त्या कामगाराच्या संपावर बंदोबस्ताला उभा असणारा शिपाई मात्र या सर्व कायद्यांच्या बाहेर राहिला. थकवा, निद्रानाश, चिडचिड, अनुपस्थिती यांकडे पाहण्यासाठी व्यवस्थेजवळ एकच शब्द होता. तो म्हणजे कसूर.

२. वेडाच्या कायद्यातील पोलीस

याच काळात मनोरुग्णांविषयीचे कायदेही तयार होत होते आणि त्यांत पोलिसाला निश्चित स्थान होते. १८५८ च्या वेड्यांच्या आश्रमांविषयीच्या कायद्याने मोकाट भटकणाऱ्या वेड्या व्यक्तीस ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचे काम दारोगा व पोलीस अधिकारी यांच्याकडे सोपविले. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्याने तीच भूमिका कायम ठेवली. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम २३ मध्ये, भाषा सौम्य झाली. काम तेच राहिले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कलम १०० मध्ये पोलिसाचे कर्तव्य ताब्यात घेणे यापेक्षा संरक्षण देणे असे मांडले.

म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे मानसिक आजाराच्या कायद्यात पोलीस सतत हजर आहे, पण तो रुग्णाला घेऊन येणारा म्हणून. तो स्वतः रुग्ण असू शकेल ही शक्यता या कायद्यांच्या रचनेत दिसत नाही. ठाणे, रत्नागिरी, नागपूर किंवा येरवडा येथील मनोरुग्णालयाच्या फाटकाशी त्याचे नाते रुग्ण पोहोचवून पावती घेण्यापुरते राहिले. वेडे म्हणजे आपण पकडून नेतो ते लोक, ही समजूत नोकरीच्या अनुभवातूनच पक्की होत गेली. मानसोपचाराविषयी पोलिसांमध्ये जो संकोच आढळतो त्याचे एक मूळ या इतिहासात शोधता येते.

याच्या जोडीला आत्महत्येच्या प्रयत्नाविषयीची तरतूद होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ ने असा प्रयत्न करणे हा गुन्हा ठरविला. त्यामुळे आत्महत्येचा प्रयत्न करणारा पोलीस कर्मचारी सहकाऱ्यांच्या दप्तरी आरोपी म्हणून नोंदला जाणार आणि त्यावर खात्यांतर्गत कारवाईची टांगती तलवार राहणार, अशी ही रचना होती. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ सारखी सर्वसाधारण तरतूद उरली नाही. शासनसेवकास कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. कायद्याची ही वाटचाल १६४ वर्षांची आहे.

३. पगार, खोली आणि तास : फ्रेझर ते धर्मवीर

शिपायाच्या हलाखीची शासनाला जाणीव नव्हती असे नाही. अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील १९०२–०३ च्या पोलीस आयोगाने शिपायाचा पगार किमान आठ रुपये असावा अशी शिफारस केली. प्रशिक्षणाच्या बाबतीतही याच काळात पाऊल पडले. १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्डे येथे पोलीस प्रशिक्षण शाळा सुरू झाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला हलविण्यात आली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच.

तथापि फ्रेझर आयोगाची एक शिफारस दूरगामी ठरली. शिपायाने पहारा, गस्त, कैद्यांची ने-आण अशी यांत्रिक स्वरूपाची कामे वरिष्ठांच्या थेट हुकुमाखाली करावीत; तपास व निर्णय यांची जबाबदारी अधिकाऱ्यांनी घ्यावी, असा त्या शिफारशीचा आशय होता. दलातील बहुसंख्य माणसांकडून विवेकबुद्धीची अपेक्षा ठेवू नये असे तत्त्व यातून रूढ झाले. कामावर आपले काहीही नियंत्रण नाही आणि परिणामाचा दोष मात्र आपल्यावर येतो, ही स्थिती मानसिक ताणास पोषक असते, हे आजचा मानसशास्त्राचा कोणताही विद्यार्थी सांगेल. दंगलीत दगड झेलणारा शिपाईच असतो. लाठी चालवावी की नाही हे मात्र तो ठरवीत नाही.

निवासाचा प्रश्नही याच प्रकारचा होता. १९२० च्या दशकात मुंबईत विकास विभागाने, म्हणजे बीडीडीने, वरळी, नायगाव, शिवडी व ना. म. जोशी मार्ग येथे चाळी उभारल्या. त्यांतील अनेक खोल्या पुढे पोलीस कुटुंबांना निवासासाठी मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक शौचालये आणि एका खोलीत दोन पिढ्या. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने दिवसा झोपावे कोठे, हा प्रश्न या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होता. मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, पाहुणे हे सर्व त्याच्या उशाशी चालणार. आणि झोपेविना उठलेला तो माणूस संध्याकाळी पुन्हा हजेरीला उभा राहणार. या चाळींचा पुनर्विकास सुरू होण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

स्वातंत्र्यानंतर केंद्र पातळीवर पोलीस व्यवस्थेचा समग्र विचार प्रथमच झाला तो धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगात (१९७७–१९८१). या आयोगाचे आठ अहवाल आहेत. फेब्रुवारी १९७९ मध्ये सादर झालेल्या पहिल्याच अहवालात शिपाई वर्गाचे वेतन, निवास आणि कामाचे तास यांना स्थान मिळाले. कनिष्ठ पोलीस कर्मचारी आठवड्याचे सातही दिवस रोज १० ते १६ तास काम करतात, असे चित्र आयोगासमोर आले. शिपाई हा केवळ यांत्रिक कामाचा माणूस आहे ही फ्रेझरकालीन कल्पना टाकून द्यावी, अशी आयोगाची भूमिका होती. अहवाल सादर झाले. त्यांवरील कार्यवाही मात्र रेंगाळली. २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात सात निर्देश दिले तेव्हा हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. परंतु त्या निर्देशांचा भर नेमणुका, बदल्या, तपासाचे स्वातंत्र्य आणि उत्तरदायित्व यांवर होता. शिपायाचे आरोग्य हा त्यातील स्वतंत्र विषय नव्हता.

४. तक्रार मांडण्याचे दार : १९१८ आणि १९८२

ताण व्यक्त करण्याचे दोन मार्ग असतात. एक सामूहिक, म्हणजे संघटनेमार्फत गाऱ्हाणे मांडणे. दुसरा वैयक्तिक, म्हणजे कोणाजवळ तरी मन मोकळे करणे. भारतीय पोलिसाच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग कसे अरुंद राहिले हे समजण्यासाठी इंग्लंडशी तुलना उपयुक्त ठरते.

ऑगस्ट १९१८ मध्ये लंडनच्या पोलिसांनी संप केला. १९१९ मध्ये पुन्हा संप झाला. सरकारने १९१९ च्या पोलीस कायद्याने पोलिसांच्या कामगार संघटनेस बंदी केली. परंतु त्याच कायद्याने पोलीस फेडरेशन ही अधिकृत प्रातिनिधिक संस्थाही निर्माण केली. एक दार बंद करताना दुसरे उघडले गेले. भारतात १९२२ मध्ये पोलिसांत अप्रीती पसरविण्यास शिक्षा सांगणारा कायदा झाला आणि १९६६ मध्ये पोलीस दलांच्या हक्कांवर मर्यादा घालणारा कायदा झाला. मर्यादा घातल्या गेल्या; परंतु फेडरेशनसारखी देशव्यापी वैधानिक संस्था काही निर्माण झाली नाही.

महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेस काही काळ मान्यता होती. १९८२ चे वर्ष मुंबईसाठी अशांततेचे होते. १८ जानेवारीपासून गिरणी कामगारांचा संप सुरू होता आणि त्याचा बंदोबस्त पोलिसांवर पडत होता. बंदोबस्ताचा शिपाई आणि संपकरी कामगार पुष्कळदा एकाच जिल्ह्यातून आलेले, शेजारच्या चाळींत राहणारे, क्वचित नात्यातलेही असत. १५ ऑगस्ट रोजी पोलिसांनी काळ्या फिती लावून आपली नाराजी व्यक्त केली. १८ ऑगस्ट रोजी संघटनेच्या नेत्यांना अटक झाली, शिपाई रस्त्यावर उतरले, शहरात दंगल उसळली आणि लष्कर व निमलष्करी दले बोलवावी लागली. संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली आणि अनेक कर्मचारी बडतर्फ झाले.

गणवेशधारी दलाने शहर वाऱ्यावर सोडणे समर्थनीय नाही, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. त्या दिवशी सामान्य नागरिकांनी त्याची किंमत मोजली. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्यापुढचा प्रश्नही विचारला पाहिजे. संघटना गेल्यानंतर तिच्या जागी काय आले? अर्ज, वरिष्ठांसमोरील अर्दली रूम आणि अधूनमधून भरणारा दरबार, एवढेच मार्ग राहिले. अर्दली रूममध्ये ज्या अधिकाऱ्यापुढे शिक्षेसाठी उभे राहावयाचे त्याच्यापुढेच गाऱ्हाणे मांडावयाचे असते. अशा ठिकाणी घरासाठीचा अर्ज करता येतो. ‘मला झोप येत नाही, मला भीती वाटते’ हे सांगता येत नाही.

आणखी एक योगायोग येथे लक्षात घेण्यासारखा आहे. भारताचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला तोही १९८२ मध्येच. समाजातील सर्वांपर्यंत मानसिक आरोग्यसेवा पोहोचविणे हे त्याचे ध्येय होते आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने त्याला जिल्हा पातळीवर रूप दिले. ज्या वर्षी राज्याने पोलिसांच्या असंतोषाला शिस्तभंग म्हणून उत्तर दिले, त्याच वर्षी देशाने मनाचे आरोग्य हा सार्वजनिक विषय मानला. हे दोन प्रवाह एकमेकांना मिळाले नाहीत.

५. आघाताची ओळख

युद्धामुळे सैनिकाच्या मनावर होणाऱ्या आघाताला वैद्यकशास्त्रात नाव मिळाले ते पहिल्या महायुद्धात. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय लेखनात आणली. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात आघातोत्तर तणाव विकृतीला स्वतंत्र स्थान मिळाले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे अनुभव त्यामागे होते. पोलिसांसाठी नागरी क्षेत्रात व्यवस्था उभी राहिली ती याच सुमारास. १९६८ मध्ये लॉस एंजेलिस पोलीस दलाने मार्टिन रायझर यांना पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमले. अमेरिकेतील पोलीस मानसशास्त्राची सुरुवात सामान्यतः या नेमणुकीपासून मानली जाते.

महाराष्ट्राच्या पोलिसांनी युद्धसदृश प्रसंग अनेकदा अनुभवले आहेत. गडचिरोली जिल्ह्यात २००९ हे वर्ष विशेष रक्तरंजित ठरले. त्या वर्षी ८ ऑक्टोबर रोजी लाहेरी येथील चकमकीत १७ पोलीस मृत्युमुखी पडले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, जांभूळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक ठार झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर, तुकाराम ओंबळे यांच्यासह अनेक पोलिसांना वीरमरण आले. हुतात्म्यांची स्मारके उभी राहिली, ती राहावयासच हवीत. परंतु त्या प्रसंगांतून जे जिवंत परतले, ज्यांनी सहकाऱ्याचे शरीर उचलले, त्यांच्या पुढील वर्षांविषयी आपल्या इतिहासलेखनात फारसे काही सापडत नाही.

शिवाय आघात नेहमी मोठ्या घटनेतूनच होतो असे नाही. अपघाती मृत्यू, आत्महत्या, बेवारस मृतदेह या प्रत्येक प्रकरणी मरणोत्तर पंचनामा करणे हे पोलिसाचे कायदेशीर कर्तव्य आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १७४ मध्ये होते. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. रेल्वेमार्गावर विखुरलेले अवयव गोळा करणे, विहिरीतून लहान मुलाचा मृतदेह काढणे, जळालेल्या स्त्रीचा जबाब घेण्याची व्यवस्था करणे ही कामे हवालदार-शिपाई नोकरीच्या तीस-पस्तीस वर्षांत कितीदा करतो याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. पंचनाम्यात मृताच्या अंगावरील प्रत्येक जखमेची नोंद असते. पंचनामा लिहिणाऱ्याच्या मनावर काय उमटले याचा रकाना त्यात नसतो.

६. समुपदेशनाचे आगमन आणि तासांचा प्रश्न

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून पोलीस कल्याणाच्या कल्पनेत आरोग्याला स्थान मिळू लागले. २००५ ची महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना हा त्यातील महत्त्वाचा टप्पा होय. मात्र तिची मूळ मांडणी रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांभोवती होती. मानसिक आरोग्याच्या बाबतीत योग, ध्यान, व्याख्याने आणि आरोग्य तपासणी शिबिरे यांवर भर राहिला. ताण हा व्यक्तीच्या स्वभावाचा दोष असून योग्य सवयींनी तो दूर होईल, असे या उपक्रमांचे न सांगितलेले गृहीतक असते.

याच्या विरुद्ध जाणारा पुरावा पाहण्यांतून पुढे आला. पोलीस संशोधन व विकास ब्युरोसाठी हैदराबादच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पोलीस ठाण्यांतील सुमारे ९० टक्के कर्मचारी रोज आठ तासांपेक्षा अधिक काम करतात आणि ७३ टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी मिळत नाही, असे त्यात आढळले. कॉमन कॉज व लोकनीती यांच्या २०१९ च्या देशव्यापी अहवालात कामाची सरासरी वेळ रोज १४ तास असल्याचे दिसले. कामाच्या बोजामुळे शारीरिक व मानसिक आरोग्यावर परिणाम होतो, असे चारपैकी तीन कर्मचाऱ्यांचे मत होते. धर्मवीर आयोगापुढील १० ते १६ तासांचा आकडा आणि हा १४ तासांचा आकडा यांत चाळीस वर्षांचे अंतर आहे. फरक मात्र नाही.

या पार्श्वभूमीवर मुंबईतील एका प्रयोगाचे महत्त्व मोठे आहे. देवनार पोलीस ठाण्यातील एका कर्मचाऱ्याने उपलब्ध मनुष्यबळातच आठ तासांच्या पाळ्या कशा बसविता येतील याचा आराखडा तयार केला. तत्कालीन पोलीस आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी तो स्वीकारला आणि मे २०१६ मध्ये देवनार येथे प्रयोग सुरू झाला. २०१७ च्या प्रारंभी तो मुंबईतील पोलीस ठाण्यांत लागू करण्यात आला. पुढे २०२२ मध्ये राज्यातील महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या कर्तव्याचा आदेश निघाला. सण, निवडणुका आणि मोठे बंदोबस्त यांच्या काळात ही पद्धत टिकविणे कठीण जाते, हे खरे आहे. तरीही १८६१ पासून चालत आलेल्या सदैव कर्तव्यावर या तत्त्वाला प्रशासनाने स्वतःहून घातलेली ही एक ठळक मर्यादा होती. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, तिचा आराखडा त्या वर्गातून आला ज्याच्याकडून फ्रेझर आयोगाने केवळ यांत्रिक कामाची अपेक्षा केली होती.

यावरून समुपदेशन निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. झोप, सुट्टी आणि घर मिळाल्यानंतरही लाहेरीच्या आठवणी उरतातच. कौटुंबिक कलह, व्यसन, नैराश्य यांवर तज्ज्ञाची मदत लागतेच. सांगावयाचे ते इतकेच की, चौदा तासांच्या कामाला श्वसनाचे व्यायाम हा पर्याय होऊ शकत नाही.

७. गोपनीयतेचा प्रश्न

समुपदेशनाचे यश एका अटीवर अवलंबून असते. समुपदेशकाजवळ सांगितलेली गोष्ट तेथेच राहील असा विश्वास सांगणाऱ्याला वाटला पाहिजे. पोलीस दलात हा विश्वास निर्माण होणे अवघड आहे आणि त्याची कारणे वर पाहिलेल्या इतिहासात आहेत. आजाराला कसूर मानणारी शिक्षेची परंपरा, मनोरुग्ण म्हणजे पकडून नेण्याची व्यक्ती ही समजूत आणि गाऱ्हाणे ऐकणारा व शिक्षा देणारा एकच असण्याची प्रथा, या तिन्हींचा परिणाम असा की, त्रास कबूल करणे म्हणजे नोकरी धोक्यात घालणे असे शिपायाला वाटते. आपले शस्त्र काढून घेतील, नियंत्रण कक्षाला जमा करतील, पदोन्नती अडेल, सहकारी वेडा म्हणतील, ही भीती त्यामागे असते.

यावर एक आक्षेप संभवतो व तो गंभीर आहे. ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याची मनःस्थिती वरिष्ठांना ठाऊक नसणे समाजाच्या दृष्टीने धोक्याचे नाही काय? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात याचे उत्तर मिळते. कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. पण दुसऱ्या व्यक्तीला इजा होण्याचा धोका असल्यास आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभाही ठेवते. म्हणजे गोपनीयता हा नियम आणि प्रकटीकरण हा अपवाद. पोलीस दलातील समुपदेशनाच्या व्यवस्थेत हा क्रम उलटा होण्याचा धोका आहे. समुपदेशक खात्याचाच, नोंदवही खात्याची आणि अहवाल वरिष्ठांकडे, अशी रचना असेल तर शिपाई तेथे जाईल, पण बोलणार नाही. शिवाय गोपनीयतेवाचून शस्त्रांचा धोका कमी होत नाही. उलट त्रास लपविला गेल्याने तो वाढतो.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, पोलीस शिपायाच्या मानसिक ताणाचे मूळ मोठ्या प्रमाणावर १८६१ पासूनच्या कायदेशीर व प्रशासकीय रचनेत आहे. अमर्याद कर्तव्य, विवेकबुद्धीचा नकार आणि समाजापासून अलगपणा ही त्या रचनेची अंगे होत. दुसरा, शासनाने या त्रासाकडे प्रथम कसूर म्हणून, नंतर असंतोष म्हणून आणि अगदी अलीकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिले. परंतु नवी दृष्टी आल्याने जुनी नाहीशी झाली नाही, तिन्ही आज शेजारी शेजारी नांदत आहेत. तिसरा, सामूहिक गाऱ्हाण्याचे दार १९८२ मध्ये बंद झाल्यावर वैयक्तिक समुपदेशनावर जो भार पडला, तो पेलण्याइतके स्वातंत्र्य त्याला द्यावयास हवे. चौथा, आठ तासांच्या पाळीच्या प्रयोगावरून असे दिसते की, सेवाशर्तीतील बदल हाच मानसिक आरोग्याचा पाया आहे. समुपदेशन हे त्यावरचे बांधकाम होय.

महाविद्यालयांची भूमिका येथे महत्त्वाची ठरू शकते. महाविद्यालये खात्याच्या आज्ञासाखळीबाहेर आहेत, हीच त्यांची खरी उपयुक्तता होय. मानसशास्त्र विभागाने वर्षातून एका व्याख्यानाऐवजी, प्रशिक्षित समुपदेशकाच्या देखरेखीखाली, महाविद्यालयाच्या आवारात आणि खात्याला नावे न कळविता नियमित केंद्र चालविल्यास त्याचा उपयोग अधिक होईल. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक पोलीस वसाहतींपर्यंत पोहोचविण्याचे कामही विद्यार्थी करू शकतात. तेथे बोलण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. इतिहास विभागांनी निवृत्त शिपाई, हवालदार आणि त्यांच्या पत्नी यांच्या मौखिक आठवणी संकलित केल्यास या विषयाला आज नसलेले साधन उपलब्ध होईल.

महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर सज्जनांचे रक्षण आणि दुष्टांचे निर्दालन हे ब्रीद कोरलेले आहे. ते ब्रीद ज्याच्या खांद्यावर आहे तो सदैव कर्तव्यावर राहू शकत नाही, हे मान्य करण्यास आपल्या व्यवस्थेला दीडशेहून अधिक वर्षे लागली आणि ते मान्य करणे अजून पुरे झालेले नाही. पुढच्या वेळी पोलीस मुख्यालयातून व्याख्यानाचे निमंत्रण येईल तेव्हा, विषय ठरविण्यापूर्वी, सभागृहात बसणाऱ्यांची मागील पाळी किती वाजता संपली एवढे तरी विचारून घ्यावे.